अठराव्या घरातली पावलं

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. धोंडीराम कदम डबा उघडायच्या बेतात होता, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर अठराव्या घराच्या अंगणात एक पिवळा ठिपका उमटला.

अठरावं घर हणमंत सपकाळचं. हणमंत कोयनेच्या जलाशयात लाँच चालवायचा. बायको वारल्यावर घराला कुलूप लावून तो पलीकडच्या काठावर, धक्क्याशेजारच्या खोलीत राहायला गेला, त्यालाही आता वर्ष होत आलं होतं. त्या घरात कुणी असायचं कारण नव्हतं.

अस्वल असतं तर ठिपका तपकिरी दिसला असता. पिवळा म्हणजे माणूस. धोंडीरामनं ठिपक्यावर बोट ठेवलं. शेजारी अक्षरं उमटली: चाल क्रमांक एकेचाळीस, जुळणी चौऱ्याण्णव टक्के.

एकेचाळीस नंबरची चाल कुणाची हे कारवंदी गावात फक्त त्याला ठाऊक होतं. ती त्याच्या बायकोची, मालनची होती. आणि मालन सकाळीच सांगून गेली होती, आज दिवसभर वरच्या खळ्यावर नाचणी झोडायचीय म्हणून.

दहा मिनिटांनी दुसरा ठिपका आला. याला नंबर नव्हता. अनोळखी, बहुधा पुरुष, वजन अंदाजे नव्वद किलो, पायांत मोठी पादत्राणं. दोन्ही ठिपके घरात शिरले आणि तासभर आतच राहिले.

धोंडीरामनं डब्याचं झाकण परत लावलं.

कारवंदी हे जलाशयापल्याडच्या खोऱ्यातलं गाव. धरण झालं आणि रस्ता पाण्याखाली गेला तेव्हापासून या गावाचा जगाशी संबंध लाँचनं. फोन करायचा तर तासभर चढून देवराईच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर जावं लागायचं आणि हात उंच करून उभं राहावं लागायचं. सरकारनं प्रयत्न केले नव्हते असं नाही. दोनदा अनुदान देऊन टॉवर उभे केले. अनुदान मिळत होतं तोवर टॉवर चालले. ते संपल्यावर डिझेल संपलं, मग बॅटऱ्या चोरीला गेल्या, मग नुसता सांगाडा उरला.

म्हणून नवं धोरण आलं. सरकारनं दुर्गम खोरी लिलावात काढली, पण उलट्या लिलावात. जी कंपनी सगळ्यांत कमी अनुदान मागेल तिला पंधरा वर्षांसाठी खोरं मिळणार, आणि त्या बदल्यात तिनं तिथल्या प्रत्येक घराला शहराच्या दरात, शहराच्या वेगानं जोडणी द्यायची. कारवंदीच्या खोऱ्यासाठी तीन कंपन्या आल्या. त्यांतल्या ‘नवतंतू’ नावाच्या कंपनीनं अनुदान मागितलं शून्य.

अधिकारी खूश झाले. सरकारनं बाजाराला मोकळं सोडलं की काय होतं ते बघा, असं पेपरांनी लिहिलं. नवतंतूनं फक्त दोन अटी घातल्या होत्या आणि त्या मान्यही झाल्या. पहिली, टाकलेल्या तारेचा ‘आनुषंगिक उपयोग’ करायची मुभा. दुसरी, वस्तीत किमान पंचवीस घरं राहती असतील तरच सेवा देणं बंधनकारक, आणि घर राहतं आहे की नाही हे तारेनंच मोजायचं, दर तीन महिन्यांनी. या अटी कारवंदीत कुणी वाचल्या नाहीत. गावात तेव्हा एकतीस घरं नांदती होती.

आनुषंगिक उपयोग म्हणजे काय, हे धोंडीरामला पुण्याहून आलेल्या इंजिनिअर पोरीनं समजावलं होतं. तिचं नाव ऋजुता, वय पंचविशीचं, बोलणं गोड.

“काका, ही तार म्हणजे केसाहून बारीक काच,” ती म्हणाली होती. “तिच्यातून प्रकाश जातो, त्यावर तुमचा फोन चालतो. पण काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात अतिसूक्ष्म खडबडीतपणा राहतोच. प्रकाशाचा ठोका सोडला की त्यातला कणभर प्रकाश वाटेतल्या प्रत्येक जागेवरून माघारी येतो. जमीन हलली की तिथली काच किंचित ताणली जाते, आणि तिथून माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो यायला किती वेळ लागला त्यावरून कळतं, किती अंतरावर हललं. असे ठोके आपण सेकंदाला हजारो सोडतो.”

“म्हणजे तारेला कान फुटले म्हणायचे.”

“दर दोन मीटरवर एक. गावात मिळून सात हजार.”

हे कान सुरुवातीला वरदानासारखे वाटले. कोयनेचा परिसर भूकंपाचा. हादरा गावापर्यंत पोचायच्या आठ सेकंद आधी प्रत्येक घरातला फोन किंचाळायचा आणि माणसं अंगणात यायची. अस्वल पायवाटेवर आलं की कळायचं. अनुसयाआजींच्या छातीतल्या यंत्राचे ठोके साताऱ्याच्या डॉक्टरांना दिवसरात्र दिसायचे; श्रावणात एकदा तिथूनच फोन आला, ‘आजींना लगेच लाँचमध्ये घाला,’ आणि म्हातारी वाचली.

मग कंपनीचं यंत्र माणसांची पावलंही ओळखायला शिकलं. टाच आधी पडते की चवडा, दोन पावलांत किती वेळ जातो, कोणता पाय जड पडतो, यावरून प्रत्येक माणसाची चाल वेगळी काढता येते. यंत्र नावं नोंदवायचं नाही, नुसते नंबर. त्यामुळे कायद्याला हरकत नव्हती. नोकरी लागल्यावर चाचणी म्हणून एक चाल स्वतः नोंदवून दाखवा, असं ऋजुतानं सांगितलं तेव्हा धोंडीरामनं मालनला अंगणात दहा वेळा इकडून तिकडं चालायला लावलं होतं. पदर तोंडात धरून ती हसत होती. “माजं चालणं काय बघताय? लगीन ठरवायला आलाय व्हय?”

खरं तर तिचं चालणं त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. चोविसाव्या वर्षी तो वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून गेला. शिमग्याला आणि गणपतीला घरी, बाकी वर्षभर पाठीवर पोती. सव्वीस वर्षांनी पोती उचलायला यंत्रं आली आणि तो गावी परतला. तोवर मुलगी सुषी सासरी गेली होती आणि घरात दोनच माणसं उरली होती, दोघंही एकमेकांशी जरा परक्यासारखी वागणारी. नवतंतूच्या लाइनमनची जागा निघाली तेव्हा त्याला बरंच वाटलं. गावाच्या वरच्या अंगाला, शाळेमागच्या खोलीत दिवसभर पडद्यासमोर बसायचं काम होतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मालन भाकरी थापत होती.

“झाली का नाचणी?”

“थोडी ऱ्हायलीया.”

“दिवसभर खळ्यावरच व्हतीस?”

“मग कुटं जाणार?” तिनं वर न बघता भाकरी उलटली.

धोंडीरामनं तिच्या केसांकडं पाहिलं. नाचणी झोडली की भूस केसांत अडकतं, मानेवर बसतं. तिचे केस स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तो पडद्यासमोर बसूनच होता. ठिपका आला. तिसऱ्या दिवशीही आला. सोबत तो जड पावलांचा, नंबर नसलेला. त्यानं मागच्या महिन्याच्या नोंदी उघडल्या. जवळजवळ रोज, नेमकं त्याच्या जेवणाच्या वेळेला. हणमंतची लाँच कारवंदीच्या घाटाला दीडला लागायची आणि साडेतीनला सुटायची. मधल्या दोन तासांत हणमंत कुठं असतो हे धोंडीरामनं कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी अडीच वाजता, दोन्ही ठिपके घरात असतानाच, तो उठला आणि पायवाट उतरू लागला. खोलीपासून अठरावं घर वीस मिनिटांच्या अंतरावर, आणि उतारावरचा माणूस खालच्या घरांतून लांबून दिसतो. तो पोचला तेव्हा दाराला कुलूप होतं. त्यानं मागच्या खिडकीची फळी सरकवून आत डोकावलं. चूल नुकतीच विझवलेली, राखेतून धूर येत होता. मोरीपाशी दोन कप धुऊन पालथे घातलेले. आणि उंबऱ्याच्या आत गमबुटांचा जोड, पुरुषाच्या मापाचा, चिखल अजून ओला.

फळी लावून तो किती तरी वेळ त्या भिंतीला टेकून उभा राहिला. मग घाटावर गेला.

हणमंत लाँचच्या इंजिनात डोकं घालून बसला होता. धोंडीरामपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, अंगानं आडवा.

“काय दादा, आज इकडं?”

“सहज. घर कसं हाय तुजं? बंद घराला वाळवी लागती.”

हणमंत फडक्यानं हात पुसत राहिला. “बघत्यात की.”

“कोण?”

“चावी वैनींकडं हाय.” तो गडबडीनं पुढं म्हणाला, “म्हंजे, झाडलोट करत्यात कवातरी. वैनींचे लई उपकार हायत दादा आमच्यावर. तुमी न्हवता तवा त्यांनी किती सोसलं ते आमी बघितलंय.”

शेवटचं वाक्य धोंडीरामला आवडलं नाही. तू कशाला बघत होतास, हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला आणि तिथंच थांबला.

विचारायचं कुणाला? मालनला विचारलं असतं तर ती खोटं बोलली असती, किंवा खरं बोलली असती. दोन्हीची त्याला भीती वाटत होती. पडदा मात्र भांडत नव्हता, रडत नव्हता. कंपनीकडं ‘ओळख जुळवणी’ नावाचा एक अर्ज होता. संशयास्पद चाल आढळली तर लाइनमननं तो पुण्याला पाठवायचा. तिथलं मोठं यंत्र वर्षभराच्या नोंदी चाळून ती कुणाची हे शोधायचं. कारण लिहायच्या जागी धोंडीरामनं लिहिलं: ‘बंद घरात अनोळखी इसमाचा वावर. चोरीचा संशय.’ सोबत एकेचाळीस नंबरच्या पुढं घराचा क्रमांक टाकला, सहा. स्वतःच्या घराचा.

संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. “काका, फार चांगलं काम केलंत. असे लाइनमन आम्हाला हवेत. आठवडाभरात उत्तर येईल.”

तिच्या आवाजातल्या आनंदाचं त्याला नवल वाटलं. एका बंद घरातल्या चोराचं कंपनीला एवढं काय?

तो आठवडा घरात दोघं जेवणापुरतं बोलली. मालननं एकदा विचारलं, “तब्येत बरी न्हाई का?” त्यानं मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं नाही. आता पाहिलं तर तीही त्याच्याकडं चोरून बघत असे. तो फोन घेऊन बाहेर गेला की तिची भाकरी थापणं थांबायचं. तिला कळलंय, असं त्यानं ठरवून टाकलं.

उत्तर सातव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आलं.

‘अनोळखी चाल: क्रमांक सत्तावीस, जुळणी एक्क्याण्णव टक्के. घर क्रमांक नऊमधील रहिवासी स्त्री. पाठीवर अंदाजे पंचवीस किलो ओझं व पायांत मोठ्या मापाची पादत्राणं असल्यानं प्रथम पुरुष म्हणून नोंद झाली.’

नऊ नंबरचं घर सगुणाचं. सगुणा म्हणजे गावची आशाताई, मालनची मैत्रीण. घरोघर जाऊन बाळंतिणींची आणि म्हाताऱ्यांची विचारपूस करणारी बाई.

धोंडीरामच्या छातीवरून पोतं उतरल्यासारखं झालं. पुरुष नव्हताच. तो मोठ्यानं हसला. मग त्याला खाली आणखी मजकूर दिसला.

‘वरील जुळणीवरून सिद्ध होते की घर क्रमांक अठरामध्ये स्वतंत्र रहिवास नसून सहा व नऊ या घरांतील व्यक्ती तेथे हेतुपूर्वक वावर करतात. सबब अठरा क्रमांक राहत्या घरांतून वगळण्यात येत आहे. वस्तीतील राहती घरे: चोवीस. किमान संख्येची अट पूर्ण होत नसल्याने सेवाबंधन संपुष्टात आणण्याचा प्रस्ताव नियामक मंडळाकडे पाठवला आहे. लाइनमन श्री. कदम यांच्या दक्षतेबद्दल कंपनी आभारी आहे.’

त्यानं ते तीनदा वाचलं. मग दोन वाजेपर्यंत तो खोलीत येरझाऱ्या घालत राहिला, आणि ठिपका उमटताच धावत सुटला. या वेळी दाराला कुलूप नव्हतं. तो एवढ्या वेगानं उतरला की आतल्या दोघींच्या लक्षातच आलं नसावं.

दार उघडं होतं. आत सगुणा हणमंतचे गमबूट घालून, पाठीला नाचणीचं पोतं बांधून माजघरातून पडवीत आणि पडवीतून माजघरात चालत होती. तिला घाम फुटला होता. मालन चुलीवर चहा ठेवून कप पुसत होती.

धोंडीराम उंबऱ्यात थांबला.

“हे काय चाललंय?” धोंडीरामनं विचारलं, जरी त्याला आता माहीत होतं.

सगुणानं पोतं खाली टाकलं. “दादा, कागद ग्रामपंचायतीत लागला व्हता. घरं कमी झाली की वायर बंद. म्या वाचला. एकतीस व्हती, एकेक करून रिकामी झाली. विठाबाई वारली, पाटलांची म्हातारी लेकाकडं गेली, मग हणमंत गेला. चोवीस ऱ्हायली. अनुसयाआजींचं यंतर त्या वायरवर चालतंय. बंद झालं तर म्हातारीनं काय करायचं? म्हणून रोज तासभर हितं येतो. बाईमाणूस आणि बाप्या, दोगंबी ऱ्हात्यात असं वाटाया पायजे.”

“मला का न्हाई सांगितलं?” हे त्यानं मालनकडं बघून विचारलं.

मालननं कप खाली ठेवला. “तुमी कंपनीचं माणूस. सकाळपास्नं सांजपातूर त्या पडद्याम्होरं बसता. माज्या घरातच त्यांचा कान ऱ्हातुया. कुणाला सांगू?”

“मी तुजा नवरा हाय.”

“व्हय. पन तुमी काय कराल ते मला कुटं म्हाईत हाय? सव्वीस वर्सं मी तुमाला धड बघितलं तरी हाय का?” ती थांबली. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. “आनि तुमाला कसं कळलं? तुमाला काय वाटलं, कोण हाय हितं?”

त्याची नजर गमबुटांवर गेली आणि तिनं ती पाहिली.

“हणमंत?” ती हळूच म्हणाली.

चहा चुलीवर उतू गेला. सगुणानं तो उतरवला नाही.

नियामक मंडळाच्या अधिकारी बारा दिवसांनी लाँचनं आल्या. अंतरकर नावाच्या, पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या बाई. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. त्यांच्या उजव्या हाताला नवतंतूचा वकील, समोर सतरंजीवर गाव. बाई कुणावर आवाज चढवत नव्हत्या. म्हाताऱ्यांना त्यांनी स्वतः खुर्च्या द्यायला लावल्या.

“मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे,” त्या म्हणाल्या. “पण हा करार आहे. सरकारनं एक रुपया न देता तुम्हाला ही सोय मिळाली, ती याच अटींवर. चोवीस घरं असतील तर कंपनीला मी सक्ती करू शकत नाही. ते मर्जीनं चालू ठेवू शकतात, त्यांच्या दरानं.”

वकिलानं तो दर आधीच वाचून दाखवला होता. अनुसयाआजींच्या मुलाला तो कुठल्याच हिशेबात परवडणारा नव्हता.

“आणखी कुणाला काही सांगायचंय?”

धोंडीराम उठला. आदल्या रात्री त्याला झोप लागली नव्हती, आणि तो काय बोलणार हे त्यानं मालनलाही सांगितलं नव्हतं. त्या घटनेपासून ती त्याच्याशी बोललीच नव्हती.

“अठरा नंबरच्या घरात मी राहतो,” तो म्हणाला.

पडवीत चुळबुळ झाली. वकील हसला. “श्री. कदम, आमच्याच लाइनमनला आम्ही ओळखतो. तुमचं घर सहा नंबर.”

“व्हतं. आजपासून मी अठरात हाय. हणमंतनं भाड्यानं दिलंय. विचारा त्याला.”

मागं उभ्या असलेल्या हणमंतनं दचकून मान डोलावली.

अंतरकरबाईंनी पेन खाली ठेवलं. “नवरा-बायको एका गावात दोन घरांत? कारण सांगावं लागेल. नाहीतर हीसुद्धा तशीच बनवाबनवी धरली जाईल.”

समोर सगळं गाव होतं. भावकी होती, मुलीच्या सासरचं एक माणूसही होतं.

“मी माज्या बायकोवर संशय घेतला,” तो म्हणाला. “तिच्या पावलांवर पाळत ठेवली. म्हैनाभराच्या नोंदी काढून बघितल्या. तोंडानं विचारलं न्हाई, कंपनीला विचारलं. चोर हाय म्हणून खोटं लिहिलं. ते कळल्यावर तिनं मला घराबाहेर काढलं. एवढं कारण पुरं व्हईल का?”

हणमंत जमिनीकडं बघत होता.

अंतरकरबाई बायकांच्या बाजूला वळल्या. “मालनबाई कोण? हे खरं आहे?”

मालन उठली. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग वकिलाकडं, मग बाईंकडं.

“व्हय,” ती म्हणाली. “काढलं.”

ती खोटं बोलली की तेव्हाच तिनं तसं ठरवलं, हे धोंडीरामला त्या क्षणी कळलं नाही, आणि नंतरही त्यानं विचारलं नाही.

अंतरकरबाईंनी लिहून घेतलं. स्वतंत्र बिऱ्हाड म्हणून तात्पुरती नोंद. कंपनी पुढचे नव्वद दिवस मोजेल. वेगळी चूल, वेगळी झोप. सहा नंबर आणि अठरा नंबर यांच्यात नेहमीचं जाणं-येणं दिसलं तर नोंद रद्द. आणि श्री. कदम यांचा यात हितसंबंध असल्यानं लाइनमनच्या कामावरून त्यांना दूर करावं.

“मान्य,” वकील कागद आवरत म्हणाला. “तार सांगेलच.”

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या खोलीत साताऱ्याहून आलेला नवा माणूस बसला. तो कुणाशी बोलत नसे. धोंडीरामनं गोधडी, तवा, दोन पातेली आणि पिठाचा डबा अठराव्या घरात नेला. सगुणानं पोतं उचलून आपल्या घरी नेलं, गमबूट हणमंतला परत गेले. दोन घरांमध्ये एक वाट, एक कवठाचं झाड आणि सत्तर पावलांचं अंतर होतं. ती पावलं टाकायची नव्हती. सकाळी पाण्यावर मालन दिसायची. दोघं एकमेकांकडं बघायची आणि आपापल्या वाटेनं जायची. वाटेखाली तार होती.

आठवडाभरानं, दिवेलागणीच्या वेळी, त्याचा फोन वाजला.

“जेवलात?” मालन होती.

“पिठलं केलं. करपलं.”

“आच कमी ठिवायची. पीठ पडलं की हलवत ऱ्हायाचं, थांबायचं न्हाई.”

“बरं.”

फोन ठेवायची वेळ झाली होती, पण तिनं ठेवला नाही. “सुषी चार वर्साची व्हती,” ती म्हणाली, “तवा तिला ताप चढला व्हता. डोळं फिरवलं पोरीनं. हणमंतचा बा लाँच चालवायचा तवा. वाऱ्यात लाँच सोडली त्यानं. मी सगळ्या वाटंनं तिच्या तोंडाला तोंड लावून बसले व्हते, श्वास हाय का बघाया.”

“पत्रात तू एवढंच लिवलं व्हतंस, पोरीला बरं नव्हतं म्हणून.”

“पत्र सगुणाच्या आईकडून लिवून घ्यायचे. तिला काय काय सांगणार?”

धोंडीराम भिंतीला टेकून बसला. खिडकीतून सहा नंबरचा दिवा दिसत होता. ती बोलत राहिली. कोणत्या साली बांध फुटला, कोणत्या शिमग्याला तो येणार म्हणून तिनं वाट पाहिली आणि तो आला नाही. तो मध्येच काही विचारायचा, ती सांगायची. मग त्यानंही सांगितलं. वाशीच्या गाळ्यात सहा जण झोपायचे, पाठ दुखायची तेव्हा पालथं पडून तो मनात घराची एक एक खोली फिरून यायचा. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तासाहून जास्त वेळ गेला असेल.

मग ती एकदम थांबली.

“अवं,” तिचा आवाज बारीक झाला, “हे बी ऐकत असतील का?”

“न्हाई. तार फकस्त पावलं ऐकती,” तो म्हणाला.

पण बोलून झाल्यावर त्याला शंका आली. पाऊल म्हणजे जमिनीची थरथर. आवाज म्हणजेही थरथरच, हवेतली, भिंतीतली. तार अंगणातून भिंतीत शिरत होती, भिंतीतून फोनच्या खोबणीपर्यंत येत होती, आणि तो त्याच भिंतीला डोकं टेकून बसला होता. हातभर मातीखालून टाच आणि चवडा वेगळा ओळखणाऱ्या काचेला हे जमणार नाही, असं ऋजुता कधी म्हणाली होती का? त्यानं आठवून पाहिलं. तिनं तसं म्हटलं नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं. आनुषंगिक या शब्दात काय काय बसतं, ते गावात कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानं डोकं भिंतीपासून दूर केलं.

“मालन?”

“हाय.”

दोघंही बोलेनात. फोन मात्र कुणी ठेवला नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मग उद्यापास्नं बोलायचं न्हाई. याच वेळंला फोन लावीन. नुस्ता उचलून जवळ धरा.”